हाय-फाय जुळवायची तर खुर्चीपासून

घरात चांगली हाय-फाय, म्हणजे संगीत मूळ आवाजाबरहुकूम ऐकवणारी यंत्रणा, बसवायचं मनात आलं, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो ॲम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा. मग स्पीकर, मग प्लेअर, मग वायरी. खोलीकडे लक्ष जातं ते सगळी खोकी घरी येऊन पडल्यावर. आणि आपण मुळात काय ऐकतो, कसं ऐकतो, हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. माझा आग्रह असा, की हा क्रम उलटा धरावा. जिथे बसून ऐकायचं त्या खुर्चीपासून निघावं. आधी आपले कान आणि आपली आवड, मग खोली, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, आणि प्लेअर-वायरी सगळ्यांत शेवटी. कानावर पडणाऱ्या आवाजात सर्वांत मोठे फरक खोली आणि स्पीकर करतात. बाकीची यंत्रं धड चालत असतील तर त्यांचे आपापसातले फरक त्यामानाने फार बारीक असतात.

आवड म्हणजे नुसतं ‘मला गायन आवडतं’ किंवा ‘मला रॉक आवडतं’ एवढंच नव्हे. आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि खरोखर काय ऐकलं ते लिहा. किती मोठ्याने ऐकलं, एका जागी बसून की घरात वावरताना, एकट्याने की चारचौघांत, रात्री की दिवसा. पुष्कळांना वही वाचल्यावर कळतं की आपण ज्या संगीतासाठी मोठे स्पीकर घ्यायला निघालो होतो ते महिन्यातून एकदाच लावतो, आणि रोज रात्री हळू आवाजात ऐकतो ते वेगळंच काही.

ही नोंद लगेच उपयोगी पडते, कारण प्रत्येक प्रकारच्या संगीताची गरज आकड्यांत सांगता येते. माणसाला ऐकू येतं ते साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं), आणि वरचं टोक वयाबरोबर खाली येत जातं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा १६५ ते २५५ मध्ये. शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास असतात आणि खर्जाची तार ६९ च्या. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झ, पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५. म्हणजे ज्याची वही गायकीने भरलेली आहे, त्याला ५० हर्ट्झच्या खालचं फारसं काही लागतच नाही. त्याला हवा मधला पट्टा निर्मळ, गळा खरा वाटेल असा. उलट ज्याला सिंफनी, रॉक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत हवं, त्याचा छोट्या स्पीकरांनी विरस होईल.

खर्जाबद्दल कानाची एक गंमत आहे. मूळ स्वर स्पीकरमधून नीट निघाला नाही तरी त्याचे वरचे स्वनक, म्हणजे त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सोबती स्वर, ऐकू आले, की मेंदू मूळ स्वर स्वतः भरून घेतो. हाताएवढ्या रेडिओवरही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो त्यामुळे. पण भरून घेतलेला खर्ज कळतो फक्त, जाणवत नाही. डग्ग्यावर तळव्याने दाब देऊन काढलेला घुमारा छातीपर्यंत पोचायचा असेल तर स्पीकरने खरोखर हवा हलवावी लागते.

किती मोठ्याने ऐकता, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी मोजून दाखवलं, की आवाज हळू केला की आपल्या कानाला खर्ज इतर स्वरांच्या मानाने जास्त कमी ऐकू येतो. म्हणून दिवसा भरदार वाटणारं रेकॉर्डिंग रात्री हळू लावलं की रोडावतं. यंत्र बिघडलेलं नसतं, कान तसाच असतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते नेमकं यासाठी. तुमची वही रात्रीच्या ऐकण्याची असेल तर असं बटण, निदान बेस-ट्रेबलचे फिरते खटके, असलेला ॲम्प्लिफायर घ्या. ‘खऱ्या हाय-फायला टोन कंट्रोल नसतो’ असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. हळू ऐकणाऱ्याच्या हातून ते अत्यंत कामाचं साधन काढून घेण्यात काही शहाणपण नाही.

इथेच आवडीबद्दलचं माझं मुख्य म्हणणं सांगतो. काही स्पीकर मुद्दाम उबदार, काही मुद्दाम चमकदार आवाजाचे बनवतात, आणि आवडीप्रमाणे त्यातला एक निवडावा असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. उबदार स्पीकर प्रत्येक रेकॉर्डिंगवर तोच एक रंग चढवतो, मग ते मुळातच जाड आवाजाचं का असेना. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये फ्लॉइड टूल या ध्वनिसंशोधकांनी पडद्याआड स्पीकर ठेवून वर्षानुवर्षं ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या. समोर कोणता स्पीकर आहे हे दिसत नसलं, की बहुतेकांची पसंती बऱ्यापैकी एकसारखी निघाली. ज्याचा प्रतिसाद समोरून सपाट (म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराने काढणारा) आणि बाजूंनीही सुरळीत, कुठेही उंचवटा-खड्डा नसलेला, तोच लोकांना आवडला. म्हणून स्पीकर होईल तितका निःपक्षपाती घ्यावा आणि आपली आवड टोन कंट्रोल किंवा इक्वलायझरने वर चढवावी. तो रंग हवा तेव्हा उतरवताही येतो.

आता खोली. हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण पैसे न खर्च करता सर्वांत जास्त फायदा इथेच होतो.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे १०,००० हर्ट्झची लाट साडेतीन सेंटिमीटरही लांब नसते, पण ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. घरातल्या खोलीत ती मावतच नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज जाऊन परत येतो, आणि लाटेची लांबी खोलीच्या मापाशी जुळली की झोक्याला नेमक्या वेळी रेटा मिळावा तसा तो स्वर फुगत जातो. याचा हिशोब सोपा आहे: ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. ४ मीटर लांब खोलीत पहिला फुगणारा स्वर ४३ हर्ट्झचा येतो. मग त्याची दुप्पट, तिप्पट. रुंदी आणि उंचीचेही असेच आपापले स्वर असतात.

माझी एक खोली ५ मीटर लांब होती. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, स्पीकर समोरच्या भिंतीला चिकटलेले. काळी एकच्या एका गायकाचं रेकॉर्डिंग मी सारखं ऐकायचो, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार आली की दर वेळी खोली हुंकार द्यायची. त्या हुंकाराची शेपटी पुढच्या पंचमावर पसरायची आणि जोडीच्या तारा त्यात बुडून जायच्या. स्पीकर बदलायचं ठरत आलं होतं. त्याआधी खोली मोजायची टेप काढली. ३४३ भागिले १० म्हणजे ३४, त्याची दुप्पट जवळजवळ ६९. खर्जाची तार तीच! हा दुसरा स्वर दोन्ही भिंतींपाशी आणि खोलीच्या मधोमध सर्वांत जोरात असतो, आणि भिंतीपासून लांबीच्या पाव अंतरावर सर्वांत क्षीण. खुर्ची भिंतीपासून सव्वा मीटर पुढे घेतली, स्पीकर दोन-तीन वीत बाहेर ओढले. हुंकार गेला. जोडीच्या दोन तारा एकामागून एक वेगळ्या ऐकू आल्या, त्यांच्यावर जवारीची बारीक भिरभिर, आणि खर्ज त्यांच्या मागे शांत उभा.

तेव्हा खुर्ची भिंतीला टेकवू नका, खोलीच्या बरोबर मध्यावरही ठेवू नका. मध्यावर पहिला फुगणारा स्वर नाहीसा होतो आणि खर्ज पोकळ वाटतो. हळूहळू पुढे-मागे सरकवत एखादं ओळखीचं, खालच्या स्वरांनी भरलेलं रेकॉर्डिंग ऐका. सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज काढणारा वेगळा स्पीकर, असेल तर उलटी युक्ती वापरा. सबवूफर तात्पुरता खुर्चीत ठेवा, खर्जाचा ठेका लावा आणि स्वतः भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत फिरा. जिथे सगळे स्वर सारखे, भोंगळ न होता ऐकू येतील ती सबवूफरची जागा.

वरच्या स्वरांचं दुखणं वेगळं असतं, ते म्हणजे उघड्या भिंतींवरून उडणारा प्रतिध्वनी. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातलं एक व्याख्यानगृह इतकं घुमायचं की शब्द कळत नसत. ते सुधारायचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. तो रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा आणि किती गाद्यांनी घुमणं किती सेकंदांनी कमी होतं ते मोजायचा. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राची सुरुवात त्या गाद्यांपासून झाली. घरातही गालिचा, जाड पडदे, भरलेली पुस्तकांची कपाटं हेच काम करतात. मात्र मऊ वस्तू आवाज नीट शोषते ती तिची जाडी लाटेच्या पाव लांबीच्या आसपास गेली तर. १,००० हर्ट्झला ती साडेआठ सेंटिमीटर होते, ५० हर्ट्झला पावणेदोन मीटर. म्हणून पडद्यांनी खर्जाचा हुंकार जात नाही. त्याला जागाबदल हाच सर्वांत सोपा उपाय.

बाजूच्या भिंतीवर गालिचा किंवा कपाट नेमकं कुठे हवं, हे आरशाने शोधता येतं. तुम्ही खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल तिथूनच त्याचा पहिला परावर्तित आवाज तुमच्याकडे येतो. तेवढी जागा झाकली तरी गायक पुष्कळ स्पष्ट उभा राहतो.

गायक उभा राहतो म्हणजे काय, तेही पाहू. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच नाही, तिथून आवाज आल्याचा जो भास होतो तो स्टिरिओ. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आवाज एका कानावर दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोचला, तरी आपल्याला त्याची दिशा कळते, आणि भास टिकतो तो या बारकाव्यावरच. त्यासाठी दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण हवा आणि ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधले वरचे स्वर काढणारे छोटे भाग, कानाच्या उंचीवर हवेत. पण तुमच्या वहीत ‘घरात वावरताना’ हेच जास्त वेळा आलं असेल, तर त्रिकोणासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. मग ज्याचा आवाज बाजूंनाही सारखा पसरतो असा स्पीकर शोधा.

स्पीकर निवडताना निसर्गाचा एक नियम आड येतो. पेटी लहान, खर्ज खोल आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तीनपैकी एका वेळी दोनच मिळतात. लहान पेटीतून खोल खर्ज हवा असेल तर तो स्पीकर वॅट खाणारच. १९५४ साली एडगर विल्चर यांनी पूर्ण बंद पेटीचा छोटा स्पीकर आणला. आत कोंडलेली हवाच त्यात स्प्रिंगचं काम करते. त्याआधी असा खर्ज कपाटाएवढ्या पेट्यांतून निघायचा. आज बऱ्याच स्पीकरांना भोक, म्हणजे पोर्ट असतो. त्याने खर्ज आणखी खाली जातो, पण त्याच्याही खाली तो एकदम कोसळतो, आणि पोर्ट मागे असेल तर भिंतीजवळ स्पीकर लवकर घुमतो. बंद पेटीचा खर्ज लवकर ओसरू लागतो पण सावकाश, आणि भिंतीजवळही तो त्यामानाने सोसतो. खोली लहान असेल, स्पीकर कपाटावरच ठेवावे लागणार असतील, तर मी बंद पेटीकडे झुकेन.

माहितीपत्रकावरचे आकडे वाचताना दोन गोष्टी बघा. ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं नुसतं लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. सोबत ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असं बंधन हवं (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप), नाहीतर ४५ हर्ट्झला आवाज ऐकू येण्याइतकाही उरला नसेल. दुसरी गोष्ट म्हणजे संवेदनशीलता: १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात. ॲम्प्लिफायरचा हिशोब यावरच उभा आहे.

समजा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे. खुर्चीत सरासरी ७५ डेसिबल म्हणजे बऱ्यापैकी भरलेला आवाज झाला. तो मिळायला स्पीकरपासून १ मीटरवर साधारण ८० डेसिबल पुरतात. ८६ पेक्षा हे ६ डेसिबल कमी, म्हणजे शक्ती एक चतुर्थांश: पाव वॅट! पण संगीत सरासरीत वाजत नाही. तबल्याची एखादी थाप, ऑर्केस्ट्राचा एखादा स्फोट सरासरीपेक्षा २० डेसिबल वर उडी मारतो, आणि २० डेसिबल म्हणजे शक्ती शंभरपट. पावाचे पंचवीस वॅट झाले. याच जागी ८० डेसिबलचा स्पीकर असता तर त्याच उडीला १०० वॅट लागले असते. म्हणून ‘किती वॅट’ या प्रश्नाला स्पीकर ठरल्याशिवाय उत्तरच नसतं. ५० ऐवजी १०० वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला तर पदरात पडतात फक्त ३ डेसिबल. दुप्पट मोठं वाटायला सुमारे १० लागतात.

स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे विजेला कमी अवरोध करणारा, असेल तर ॲम्प्लिफायर तो भार सांभाळतो का, ते तपासा. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरवर लोकांचा जीव असतो, आणि त्याचा आवाज गोड वाटू शकतो हे खरं. पण त्याचा स्वभाव स्पीकरप्रमाणे बदलतो. स्पीकरचा अवरोध वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळा असतो आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याच्यामागे थोडा वाहवत जातो. तो घ्यायचा तर स्वतःच्याच स्पीकरवर ऐकून घ्यावा. जुळवाजुळव नको असेल त्यांच्यासाठी ॲम्प्लिफायर आतच बसवलेले ॲक्टिव्ह स्पीकर ही अतिशय सरळ वाट आहे.

प्लेअर आणि डॅक (डिजिटल आकड्यांपासून पुन्हा आवाजाचा संकेत बनवणारं यंत्र) यांबद्दल फार लिहीत नाही. १९८२ साली आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. त्यामुळे २२,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात बसतं, आणि १६ बिटांमुळे हळू ते मोठा यांच्यात सुमारे ९६ डेसिबलची जागा मिळते. घरातल्या ऐकण्याला हे भरपूर आहे, आणि आजचा साधा, नीट बनवलेला डॅक ते विनातक्रार देतो. वायरींचं तर याहून थोडक्यात: अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने ५ मीटरचं जाणं-येणं केलं तर ०.०७ ओहमच्या आसपास अवरोध होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. इथले पैसे स्पीकरकडे वळवा.

तबकड्या ऐकणाऱ्याला मात्र काळजी घ्यावी लागते. तबकडीवर खर्ज मुद्दाम कमी करून आणि वरचे स्वर वाढवून कोरलेले असतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. वाजवताना ते उलटं करायला फोनो प्रीॲम्प लागतो. शिवाय तबकडीवर टेकणाऱ्या नेहमीच्या काट्यातून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, जिथे सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. टर्नटेबल स्पीकरच्याच फळीवर ठेवू नका, खर्जाचं कंपन काट्यातून परत आत शिरतं. आणि काट्याचा दाब, तो बहुतेक वेळा २ ग्रॅमच्या आसपास सांगितलेला असतो, छोट्या वजनकाट्याने मोजूनच लावा.

दोन स्पीकर किंवा दोन ॲम्प्लिफायर शेजारी लावून तुलना करताना एक सापळा असतो. जो एखाद्या डेसिबलनेच मोठा वाजतो तो कानाला मोठा नव्हे, ‘चांगला’ वाटतो. म्हणून आधी दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून हे अचूक जमतं. मग तुमच्या वहीतल्याच चार चिजा ऐका, दुकानदाराने लावलेल्या नव्हे. त्यातली एक तरी वाईट रेकॉर्ड झालेली असू द्या, कारण तीही तुम्ही घरी ऐकणारच आहात. जुना स्पीकर घेत असाल तर वूफरची, म्हणजे खर्ज काढणाऱ्या मोठ्या पडद्याची, कड बोटाने हलकेच चाचपा. फोमची कड वर्षांनुवर्षं कुजत जाते आणि हात लावताच भुगा होते. ती बदलून मिळते, पण तो खर्च आधीच धरायला हवा.

सगळं मनासारखं बसलं की स्पीकरच्या पायांशी आणि खुर्चीच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून ठेवा आणि भिंतीपासूनची मापं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. साफसफाईत सगळं हलतं, आणि दोन वीत सरकलेल्या स्पीकरची नेमकी जागा पुन्हा सापडायला पूर्वी लागली तेवढीच संध्याकाळ जाते.